झाडाची पाठ

डिसेंबर लागला की राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, चौगुल्यांच्या मंडपाच्या गाळ्यासमोर, सुरूची झाडं येऊन उभी राहतात. कुणी कुंडीतलं, कुणी पोत्यात बांधलेलं, कुणी छातीएवढं, कुणी रिक्षातून निम्मं बाहेर काढून आणलेलं. ती विकायची नसतात. नाताळासाठी सजवून घ्यायला आलेली असतात आणि ब्यूटी पार्लरच्या बाकावर बसलेल्या बायकांसारखी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत असतात. त्यांच्यामधून पदर खोचून, दातात सुतळीचा तुकडा धरून जी बाई फिरते ती आक्काताई. कुठल्याही झाडाला हात लावायच्या आधी ती कुंडीला दोन्ही हातांनी धरून झाड गरकन फिरवते आणि त्याची पाठ बघते.

"मावशी, ती बाजू भिंतीकडं जाणार हाय," गिऱ्हाईक सांगतं.

"आज जाईल. उद्या कोण हलवंल त्येचा काय नेम?" आक्काताई म्हणते आणि मागूनच कामाला सुरुवात करते.

ही सवय तिला एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या नाताळात लागली. त्याआधी पंधरा वर्षं ती आरास करत होती, पण त्यातल्या एकाही आराशीची पाठ तिनं कधी बघितली नव्हती.

ती मूळची पेठ वडगावची. वडील गणपतराव बैलांचे साज करायचे. लोकरीचे गोंडे, कवड्यांचे पट्टे, घुंगरांच्या माळा. आठवड्याच्या बाजारात पोतं अंथरून बसायचे आणि बैलांचा सण बेंदूर जवळ आला की महिनाभर त्यांना जेवायला सवड नसे. गावातले मोठे शेतकरी तर त्यांना घरी बोलावून बैल ताब्यात द्यायचे. लहानगी आक्काताई गोंड्यांची पाटी घेऊन बरोबर जाई. गणपतरावांचे रंगाच्या बाबतीतले नियम कडक होते. जोडीतल्या दोन्ही बैलांना एकच रंग. एक रंग मुख्य, दुसरा त्याच्या सोबतीला, आणि तिसरा घातलाच तर चिमटीएवढा. कुणी म्हणालं, पिवळा बी घाला की, निळा बी घाला, तर ते म्हणत, "बैल हाय त्यो, रंगपंचमी न्हवं." आणखी एक गोष्ट होती. ते शेपटीकडून सुरुवात करायचे. कोंडाळं करून उभी राहिलेली माणसं हसायची, "गणपा, बैलाचं तोंड हिकडं हाय." आक्काताईही त्यांच्याबरोबर हसायची.

लग्न होऊन ती कोल्हापुरात आली. नवरा जयसिंग म्युनिसिपालटीच्या सिटी बसवर ड्रायव्हर. धाकटा दीर कृष्णात मंडपाच्या धंद्यात. घर वर, गाळा खाली. कृष्णातनं पहिल्याच वर्षी वहिनीचा हात ओळखला. झालरी, रुखवत, मखरं, तरुण मंडळांच्या गणपतीच्या मागचे पडदे, सगळं गाळ्याच्या आतल्या खोलीत आक्काताईच्या हातून होऊ लागलं. ती तिथं शिकली ते मात्र वडलांच्या उलटं होतं. आरास फक्त समोरून बघायची असते. मागं उघडा थर्माकोल, खिळे, वायरी, चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे कपटे. "मागं कोण जातंय बघायला?" कृष्णात म्हणायचा, आणि ते खरंच होतं. गणपतीच्या मागं कुणी जात नाही.

गाळ्यावर बोर्ड होता. "कृष्णात मंडप डेकोरेटर्स". आक्काताईला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते त्या जूनमध्ये, शाळेच्या एका फॉर्ममुळं.

तिची लेक दीप्ती आठवीत गेली होती. फॉर्म भरता भरता ती मोठ्यानं वाचत होती. वडिलांचा व्यवसाय, नोकरी. आईचा व्यवसाय. तिथं ती थांबलीसुद्धा नाही. "घरकाम," असं म्हणत तिनं लिहून टाकलं.

आक्काताईच्या मांडीवर तेव्हा एका मोठ्या लग्नाच्या रुखवताचा निम्मा झालेला रथ होता. "हे काय घरकाम हाय व्हय गं?"

"मग काय लिहू? बोर्डावर काकांचंच नाव हाय की."

पोरगी काही टोचून बोलली नव्हती. सरळ होतं तेच बोलली होती, आणि म्हणूनच ते आक्काताईच्या मनातून जाईना. आपण मेल्यावर पोरीनं आई काय करायची असं कुणाला सांगायचं? घरकाम? त्या रात्री कृष्णात जेवायला बसल्यावर तिनं भाकरी वाढता वाढताच विषय काढला.

"भावजी, बोर्डावर माझं नाव घाला."

कृष्णातनं घास तसाच धरला. "बोर्डावर? कशापायी?"

"काम मी करतो म्हणून."

"वयनी, काम काय, टेम्पोचा ड्रायव्हरबी करतोय. त्येचंबी घालू?"

"त्येला इच्यारा रुखवत येतंय काय."

जयसिंग खाली मान घालून आमटी ओरपत होता. दोघांच्या मध्ये पडायचं नाही हे तो बस चालवताना शिकला होता.

कृष्णात हसला, पण माणूस वाईट नव्हता. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "हे बगा. बोर्ड म्हंजे जबाबदारी. काय चुकलं तर लोक बोर्डावरचं नाव घेऊन शिव्या देत्यात. आजवर माझ्या नावानं दिल्या. तुमी एक ऑर्डर सवताच्या नावानं घ्या. गिऱ्हाईक तुमचं, डोकं तुमचं, हात तुमचं. माझी मदत न्हाय, माझा माल न्हाय. पार पाडलीसा तर दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावतो."

"ठरलं," आक्काताई म्हणाली.

पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. जे येई ते कृष्णातकडं येई. नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस तो बाहेरगावी गेला असताना आवळे बाई गाळ्यावर आल्या. एस्तेर आवळे. एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झालेली. नागाळा पार्कात इंग्रजांच्या काळातल्या जुन्या बंगल्यात एकट्याच राहायच्या. शाळेतल्या सवयीनं सगळ्यांना अरे-तुरे करायच्या.

"चाळीस खुर्च्या हव्यात, चोवीस तारखेला. नाताळची गाणी म्हणणारी आमची मंडळी शेवटी माझ्याकडं येतात," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष आक्काताईच्या हाताकडं गेलं. ती एका डोलीसाठी डाळिंबी लोकरीचा गोंडा बांधत होती. "हे तू करतेस? सगळं हातानं?"

"व्हय की."

आवळे बाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. मासिकातून कापलेलं चित्र होतं, मुंबईच्या सुनेनं पाठवलेलं. नाताळचं झाड, आणि मागं भिंतीतल्या शेकोटीवरची फळी. झाडावर होते तेच दोन रंग फळीवरही होते. बाकी काही नाही.

"दरवर्षी माझं झाड म्हणजे नुसतं स्टेशनरीचं दुकान असतं," बाई म्हणाल्या. "चॉकलेटचे कागद, राख्या, जो जे देईल ते. या वर्षी मला असं हवंय. सगळं एका सुरातलं. येईल तुला?"

आक्काताईनं आयुष्यात नाताळचं झाड कॅलेंडरवर सोडून कुठं बघितलं नव्हतं. पण चित्राकडं बघताच तिला वडलांचा बैल दिसला. एक रंग मुख्य, दुसरा सोबतीला. झाड एक बैल, फळी दुसरा. जोडीला एकच साज.

"येतंय की," ती म्हणाली. "पण ऑर्डर माझ्या नावानं लिवायची. खुर्च्या भावजींच्या, झाड माझं."

दुसऱ्या दिवशी ती बंगल्यावर गेली. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात सुरूचं झाड होतं, पुरुषभर उंच, मोठ्या कुंडीत. समोरच्या भिंतीत दगडी शेकोटी. ती कुणी पेटवल्याचं बाईंना आठवत नव्हतं. आत वर्तमानपत्रांची रद्दी होती. वरची फळी मात्र चांगली हातभर रुंद. आक्काताईनं झाडाची फांदी बोटानं दाबून सोडली. सुरूची फांदी लवचीक, काचेचा गोळा अडकवला तर जमिनीला टेकायची. लोकरीचा गोंडा मात्र ती आनंदानं धरील. रंग ठरला. डाळिंबी मुख्य, सोबतीला कवड्यांचा पांढरा, आणि चिमटीएवढे पितळी घुंगरू.

"कवड्या नकोत गं," बाई म्हणाल्या. "त्या देवीच्या."

"ह्या न्हवं. ह्या बैलाच्या."

"त्यात फरक असतो?"

"बाई, फरक कवडीत नसतोय, बांधण्यात असतोय. देवीच्या माळंला गाठ येगळी. माझा बा बैलालाच बांधायचा."

आवळे बाईंना काहीतरी आठवलं. मग म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या बैलांनाही होत्या. बांध." एकच अट घातली. शेंड्यावर तुरा नाही, त्यांच्या वडलांनी पत्र्याचा कापून केलेला तारा लागेल.

पुढचे पंचवीस दिवस चौगुल्यांच्या घरात डाळिंबी लोकर उडत होती. ताटात, अंथरुणात, दीप्तीच्या वहीत. जयसिंगच्या खाकी कपड्यांना धागे चिकटत. "कंडक्टर इच्यारतोय, चौगुले, बैल घेतलासा काय," तो म्हणाला. आक्काताई म्हणाली, "सांगा, घेतलाय. शिंगं फुटायची हायत." साठ लहान गोंडे झाले, फळीसाठी पाच मोठे झाले, आणि काळ्या घोंगडीची एक लांब पट्टी झाली, कडेला कवड्यांची किनार लावलेली.

चोवीस तारखेला ती सकाळी नऊला बंगल्यावर पोचली. आधी फळी घेतली. घोंगडीची पट्टी झुलीसारखी खाली सोडली, पाच गोंडे समान अंतरानं लावले, दोन टोकांना बाईंच्या पितळी फुलदाण्यांत सुरूचे डहाळे ठेवले. मग कोपऱ्यातल्या झाडाला हात घातला. दुपारी दोनपर्यंत साठच्या साठ गोंडे आणि कवड्यांच्या माळा लागल्या. ती चार पावलं मागं सरली. समोरून झाड असं भरलं होतं की हिरवा रंग मागनं कुठंतरी डोकावत होता. तिच्या मते उत्तम झालं होतं.

तीन वाजता कृष्णातचा टेम्पो खुर्च्या घेऊन आला. खुर्च्या उतरवता उतरवता त्यानं दारातून डोकं आत घातलं. "झालं व्हय वयनी?"

"झालं."

तेवढ्यात आवळे बाई आतून आल्या. "वा," त्या म्हणाल्या. फळीपाशी थांबल्या, कवड्यांवरून बोट फिरवलं. मग कृष्णातकडं वळून म्हणाल्या, "बरं झालं तू आलास. जरा हात लाव. झाड मधोमध घ्यायचंय. मंडळी त्याच्याभोवती गोल उभी राहून गातात."

आक्काताईनं झाडाकडं बघितलं, मग खोलीच्या मधोमध. झाड कुठं उभं राहणार हे तिनं विचारलंच नव्हतं. आरास भिंतीला लागून असते, यात विचारायचं काय? पंधरा वर्षांत कुणी गणपतीच्या भोवती गोल उभं राहिलं नव्हतं.

कुंडी सरकवत मधोमध आणली आणि व्हायचं ते झालं. साठ गोंड्यांचं ओझं एकाच अंगाला. झाड पुढं कललं, पत्र्याचा तारा वाकडा होऊन जमिनीकडं बघू लागला. मागच्या बाजूला उघड्या फांद्या, सुतळीच्या गाठी आणि आधाराला लावलेली काठी. नाक्यावर उभ्या असलेल्या, पुढून इस्त्री केलेला आणि मागून फाटलेला शर्ट घातलेल्या माणसासारखं ते झाड दिसत होतं.

आवळे बाईंनी झाडाकडं एकदा वरून खाली बघितलं. मुख्याध्यापिकेचं असं बघणं काय असतं हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. "साडेसहाला येतील सगळे," एवढंच म्हणून त्या करंज्यांचं बघायला आत गेल्या.

कृष्णातनं झाडाभोवती एक चक्कर मारली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, टेम्पोत थर्माकोलचं मोठं कमळ हाय. झिरमिळ्या हायत, लाइटच्या माळा हायत. धा मिंटात मागची बाजू झाकून देतो. कुणाला कळायचं न्हाय."

तो टोमणा नव्हता, आणि म्हणूनच जड गेलं. हो म्हटलं असतं तर झाड सावरलं असतं आणि बोर्ड होता तसाच राहिला असता. शिवाय कमळ गुलाबी होतं.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," आक्काताई म्हणाली.

"तीन तासांत आणि साठ गोंडं करणार हायसा?"

"न्हाय."

ती झाडाच्या मागं गेली आणि तिथंच उकिडवी बसली. अशीच ती कितीदा तरी बैलाच्या मागं बसलेली होती, वडलांच्या शेजारी, गोंड्यांची पाटी घेऊन. एकदा तिनं विचारलं होतं, आण्णा, लोक हसत्यात, तुमी शेपटीकडनं कशापायी सुरू करता? गणपतरावांनी शेपटीला गोंडा बांधता बांधता सांगितलं होतं, "पोरी, मिरवणुकीत बैल थांबत न्हाय. म्होरनं बघायला मिळतोय एवढासा. मग त्यो फुडं जातोय आन् माणसं त्येच्या पाठीकडं बघत ऱ्हात्यात, लांब जाईस्तवर. मागनं सुरू केलं की हातात साज शिल्लक असतोय. तोंडाला कमी पडला तरी चालतोय, तोंड बैलाचं सवताचंच देखणं असतंय."

आक्काताई उठली. पदर खोचला आणि समोरचे गोंडे सोडवायला लागली. एक, दोन, दहा. सगळे. कृष्णात बघतच राहिला.

"अवं, केल्यालं मोडतायसा?"

"भावजी, खुर्च्या बाहेर लावायच्या हायत न्हवं का? लावा जावा."

सगळे गोंडे घोंगडीच्या एका तुकड्यावर पसरून तिनं मनातल्या मनात झाडाचे चार भाग केले. पंधरा, पंधरा, पंधरा, पंधरा. सुरुवात मागून. खाली त्यातल्या त्यात मोठे, वर लहान, आणि एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही असे. प्रत्येक गोंडा बांधला की ती झाडाभोवती एक फेरी घेई. कवड्यांच्या माळा तिनं आधी समोर आडव्या बांधल्या होत्या, त्या सोडून आता शेंड्यापासून खालपर्यंत गोल गोल उतरवल्या, बैलाच्या मानेभोवती घालतात तशा. जसजसं ओझं वाटून गेलं तसतसं झाड सरळ झालं. साडेपाचला तिनं स्टुलावर चढून तारा सारखा केला. तो आपोआपच समोर बघू लागला होता, थोडासाच ढकलावा लागला.

खाली उतरून ती मागं सरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की दुपारी जे तिला उत्तम वाटलं होतं ती नुसती गर्दी होती. आता दोन गोंड्यांच्या मध्ये हिरवं दिसत होतं आणि त्या हिरव्यामुळं डाळिंबी उठून दिसत होता. पलीकडं फळी. तिच्यावरही तेच दोन रंग, तेवढेच मोकळे. जोडी जमली होती.

आवळे बाई हात पुसत बाहेर आल्या. झाडाभोवती सावकाश फिरल्या. एक फेरी पूर्ण झाल्यावर पुन्हा निघाल्या. "दुपारी तू मला एक झाड दिलं होतंस," त्या म्हणाल्या, "आता चार दिलीस." मग जराशानं म्हणाल्या, "मी आधी सांगायला हवं होतं, मधोमध असतं म्हणून."

"मी इच्याराय पायजे हुतं," आक्काताई म्हणाली. "पुढच्या टायमाला इच्यारतो."

"पुढच्या टायमाला चर्चचा हॉल आहे. तिथं झाड बारा फुटी असतं."

साडेसहाला मंडळी आली, ढोलकी, पेटी आणि टाळ घेऊन. झाडाभोवती गोल धरून उभी राहिली आणि गाऊ लागली. गाता गाता गोल हळूहळू फिरत होता. आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिला गाणाऱ्यांचे चेहरे दिसत होते. फिरत फिरत कुठल्याही ठिकाणी आलेला माणूस झाडाकडं बघूनच गात होता. पाय आपटले की घुंगरू किणकिणत. ढोलकीवाल्यानं ते ऐकलं आणि ठेका जरा वाढवला.

कृष्णात खुर्च्या न्यायला रात्री नऊला परत आला. दिवाणखाना रिकामा झाला होता. हात मागं बांधून त्यानं झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. खाली वाकून मागच्या गाठी बघितल्या. गाठी दिसत नव्हत्या. प्रत्येकीवर एक एक कवडी बसवली होती.

"बोर्ड केवढा पायजे?" त्यानं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी बोलावलेला पेंटर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. जुना बोर्ड भिंतीला चिकटून होता, गाळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय वाचता येत नसे. कृष्णातनंच सुचवलं की नवा बोर्ड लोखंडी दांडीवर रस्त्याकडं काढून भिंतीला काटकोनात टांगू, म्हणजे लांबून दिसेल. पेंटरनं लाल अक्षरं काढली. वर "चौगुले मंडप", खाली "सजावट : आक्काताई चौगुले". दीप्तीनं शाळेतून येता येता तो दोनदा वाचला आणि जिन्यानं वर गेली. संध्याकाळी आक्काताईनं तिच्या दप्तरात डोकावून बघितलं तर वहीच्या शेवटच्या पानावर पोरीनं तीच अक्षरं, तशाच फटकाऱ्यांनी, लाल पेनानं काढून बघितली होती.

जयसिंग रात्री ड्यूटी संपवून आला. आज त्याची बस गाळ्यासमोरून आठ वेळा गेली होती.

"बगितलासा काय?" आक्काताईनं ताट वाढता वाढता विचारलं.

"बगितला की. झ्याक झालाय." त्यानं भाकरी मोडली. "स्टँडकडनं येताना वाचतोय. परत जाताना मातर कोरा हाय."

आक्काताईच्या हातातली पळी थांबली. तिनं शेजारी जेवत बसलेल्या कृष्णातकडं बघितलं. कृष्णात ताटाकडं बघत होता.

"मागं कोण..." त्यानं सुरुवात केली आणि वाक्य तिथंच सोडलं.

"भावजी," आक्काताई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली, "सकाळी पेंटरला परत बोलवा. आन् त्येला सांगा, ह्या टायमाला मागनं सुरू कर."